इंटरनेटवर शोधावे कसे?



मागच्या जुलै महिन्यातील एक साधी गोष्ट सांगून या लेखाची सुरुवात करतो. माझी पुतणी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत तिने '१९४२ ची नागपूरची महिला परिषद' हा विषय घेतला होता. २० जुलै १९४२ रोजी आपल्या या नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षस्थानी होत्या आणि स्वतः बाबासाहेबांनी तेथे भाषण केले होते, एवढे आमच्या घरी सर्वांना ऐकून ठाऊक आहे. भाषणासाठी मात्र ऐकीव माहिती पुरत नाही. म्हणून तिने मोबाइल घेतला आणि 'महिला परिषद नागपूर' असे टाइप केले.

उत्तरादाखल आले ते असे : शहरात नुकत्याच झालेल्या एका महिला मेळाव्याची बातमी, एका सभागृहाची जाहिरात, दोन-तीन पक्षांच्या महिला आघाड्यांच्या नेमणुका आणि बरेच खाली कुणीतरी लिहिलेला एक मजकूर. त्या मजकुरात परिषदेचे सालच चुकलेले होते. तासाभराने तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "काका, नेटवर याच्याबद्दल काहीच नाही जी."

तिचे हे वाक्य माझ्या मनाला लागले. आज ती म्हणते नेटवर नाही. उद्या दुसरा कुणी म्हणेल की ज्याअर्थी नेटवर नाही त्याअर्थी असे काही घडलेच नसावे. म्हणून त्या रात्री आम्ही दोघे पुन्हा बसलो. पाऊण तासात तिच्या वहीत परिषदेची तारीख, अध्यक्षांचे नाव, भाषण कोणत्या खंडात छापले आहे त्याचा क्रमांक आणि एका महत्त्वाच्या पुस्तकाचे नाव, एवढे सर्व उतरले. मोबाइल तोच होता, नेटही तेच होते. फरक पडला तो फक्त विचारण्याच्या रीतीत. ती रीत आपणा सर्वांसमोर मांडावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. त्यामुळे हा लेख तज्ज्ञाचा नसून रोज वापरणाऱ्याचा आहे, हे आधीच नमूद करतो.

१. शोधयंत्र काम कसे करते?

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याआधी पाच वर्षे, १९९० साली, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज या विद्यार्थ्याने 'आर्ची' नावाचे शोधयंत्र तयार केले होते. ते फक्त फाइलींची नावे शोधत असे. पानांतील शब्द शोधणारे 'अल्टाव्हिस्टा' डिसेंबर १९९५ मध्ये आले. लॅरी पेज व सर्गी ब्रिन या दोघांची 'गूगल' कंपनी १९९८ साली स्थापन झाली. आज बिंग, डकडकगो अशी इतरही शोधयंत्रे आहेत. परंतु आपल्याकडे बहुतेक जण गूगलच वापरतात, म्हणून या लेखातील उदाहरणे त्याचीच घेतली आहेत.

शोधयंत्राची कामे तीन. पहिले, जगभरातील संकेतस्थळांची पाने सतत फिरून वाचणे. दुसरे, त्या पानांतील शब्दांची सूची करणे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्द आणि त्यापुढे पृष्ठक्रमांक अशी सूची असते, तशीच ही सूची असते. मात्र ती अफाट मोठी. तिसरे काम म्हणजे आपण विचारलेले शब्द ज्या पानांवर आहेत ती पाने काही क्रमाने आपल्यापुढे मांडणे. गूगलने सुरुवातीला हा क्रम लावण्याची एक नवी युक्ती काढली. एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली म्हणजे त्याने त्याची शिफारस केली असे धरायचे, आणि ज्याला वजनदार शिफारशी अधिक, ते पान वर ठेवायचे. पुढे या हिशेबात इतर अनेक गोष्टी मिळवल्या गेल्या. आपण कोठे आहोत, आधी काय शोधले, कोणत्या भाषेत शोधतो, हेही त्यात धरले जाते. म्हणून एकच शब्द दोघांनी टाइप केला तरी दोघांना दिसणारी यादी वेगळी असू शकते.

येथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, शोधयंत्र इंटरनेटवर त्या क्षणी शोधत नाही. ते आपल्या सूचीत शोधते. जे सूचीत नाही ते त्याच्यासाठी नाही. दुसरी, वरचा क्रम म्हणजे खरेपणाचे प्रमाणपत्र नव्हे. पुष्कळांनी शिफारस केलेले पानही चुकीचे असू शकते.

२. नोंद ज्या शब्दाने झाली, त्या शब्दाने शोधावे

मी बँकेत लागलो तेव्हा खाती संगणकावर आली होती, पण जुनी लेजरे कपाटात होती. एखादा वृद्ध खातेदार यायचा आणि फार जुन्या खात्याची चौकशी करायचा. तो आपले नाव 'श्यामराव' सांगायचा. लेजरच्या सूचीत मात्र कुणा जुन्या कारकुनाने 'शामराव' लिहिलेले असायचे. कधी आडनावावरून नोंद, तर कधी वडिलांच्या नावावरून. आमचे वरिष्ठ म्हणत, "खातेदार काय म्हणतो ते ऐका, पण लिहिणाऱ्याने काय लिहिले असेल त्याचा विचार करून शोधा." इंटरनेटवरील शोधाचे सारे मर्म या एका सूचनेत आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पुतणीने 'महिला परिषद' हे आजचे शब्द वापरले. परंतु १९४२ साली इंग्रजी कागदपत्रांत आपल्या समाजासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द होता. त्या परिषदेच्या आधीचे दोन दिवस, १८ व १९ जुलैला, मोहन पार्कवर जे अधिवेशन झाले आणि ज्यातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभी राहिली, त्याचेही नाव 'ऑल इंडिया डिप्रेस्ड क्लासेस कॉन्फरन्स' असेच होते. आम्ही इंग्रजी अक्षरांत 'डिप्रेस्ड क्लासेस विमेन्स कॉन्फरन्स नागपूर १९४२' असे टाइप केले आणि यादीचे रूपच पालटले.

यावरून पुढील नियम काढता येतील :

(अ) प्रश्न विचारू नका. उत्तराच्या पानावर जे शब्द असतील ते लिहा. 'नागपूरला बायकांची मोठी सभा केव्हा झाली होती' यापेक्षा नाव, गाव आणि साल हे तीन शब्द अधिक काम करतात.

(आ) त्या काळाचे शब्द वापरा. आपले विद्यापीठ १९२३ साली 'नागपूर विद्यापीठ' म्हणून स्थापन झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव त्याला २००५ साली मिळाले. १९६० च्या एखाद्या प्रबंधाचा शोध आजच्या नावाने घेतल्यास तो सापडणार कसा? १९४२ साली नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. त्या काळच्या कागदांत 'सी. पी. अँड बेरार' आणि 'बॉम्बे' हे शब्द येतील, 'महाराष्ट्र' आणि 'मुंबई' नव्हेत.

(इ) कचेरीचे शब्द वापरा. आपण 'होस्टेल न मिळालेल्या मुलांना पैसे' असे म्हणतो. शासन 'स्वाधार योजना', 'निर्वाह भत्ता', 'शासन निर्णय' असे म्हणते. पहिल्या शोधात कामाचे पान सापडले नाही तरी हरकत नाही. त्यातील एखादे बरे पान उघडून कचेरी कोणते शब्द वापरते ते टिपून घ्या आणि त्या शब्दांनी दुसरा शोध घ्या. दुसरा शोध नेहमी पहिल्यापेक्षा चांगला असतो, कारण मधल्या वेळात आपण चार शब्द शिकलेले असतो.

(ई) मराठीत नाही मिळाले तर इंग्रजीत, इंग्रजीत नाही मिळाले तर हिंदीत शोधा. एका भाषेत न सापडणे म्हणजे माहिती नसणे नव्हे.

३. पाच उपयोगी खुणा

शोधाच्या चौकटीत शब्दांबरोबर काही खुणा टाकता येतात. आमच्या अभ्यासिकेतील दहा मुलांना मी विचारले, तर एकालाच त्यातील एक खूण ठाऊक होती. म्हणून त्या क्रमाने देतो.

पहिली खूण, अवतरणचिन्ह. दोन, तीन किंवा अधिक शब्द दुहेरी अवतरणात टाकले की ते शब्द त्याच क्रमाने, शेजारी शेजारी असलेलीच पाने येतात. 'डिप्रेस्ड क्लासेस विमेन्स' हे तीन शब्द आम्ही असे बांधले, तेव्हा इतर महिला मेळावे गळून पडले. कुणाच्याही नावावर खपवले जाणारे वाक्य तपासण्यासाठी ही खूण फार उपयोगी आहे.

दुसरी, वजाबाकी. जे नको त्या शब्दाच्या आधी वजाचे चिन्ह द्यावे. चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडू नये. चिन्हाच्या आधी मात्र सोडावी. नोकरीच्या जाहिराती मध्ये मध्ये येत असतील तर वजा लावून 'जॉब' लिहावे.

तिसरी, स्थळाचे बंधन. इंग्रजीत एस-आय-टी-ई ही चार अक्षरे, त्यांना लागून कोलनची दोन टिंबे आणि त्यांना लागूनच संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. येथे 'गव्ह डॉट इन' एवढे जरी लिहिले तरी फक्त शासकीय संकेतस्थळांवरची पाने येतात. शिष्यवृत्ती, परीक्षा, शासकीय योजना यांचा शोध या खुणेशिवाय घेऊच नये, असे माझे मत आहे.

चौथी, फाइलीचा प्रकार. एफ-आय-एल-ई-टी-वाय-पी-ई, कोलन आणि पुढे पी-डी-एफ असे लिहिल्यास केवळ पीडीएफ फाइली येतात. अहवाल, ग्रंथ, शासन निर्णय, जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा याच रूपात असतात.

पाचवी, 'किंवा'. दोन शब्दांच्या मध्ये इंग्रजी मोठ्या लिपीत ओ-आर लिहिले की दोहोंपैकी कोणताही शब्द असलेली पाने येतात. एकाच नावाची दोन स्पेलिंगे असतील तेथे ही खूण वापरावी.

पहिली आणि चौथी खूण एकत्र वापरून पुतणीला शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या ग्रंथमालेतील १७ व्या खंडाचा तिसरा भाग सापडला. या ग्रंथमालेचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली निघाला. हे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात ठेवण्यात आले, ही पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट आहे. एवढा मोठा खंड उघडल्यावर पान कसे शोधावे? संगणकावर कंट्रोल आणि एफ ही दोन बटणे एकदम दाबावीत, मोबाइलवर कोपऱ्यातील तीन टिंबांत 'फाइंड' असते ते दाबावे आणि 'विमेन' व 'नागपूर' हे शब्द टाकावेत. आम्हाला भाषण मिळायला दोन मिनिटे लागली.

४. मराठीची एक अडचण

मराठीतून शोधताना एक वेगळी अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. त्यात डोळ्यांना मराठी अक्षर दिसते, पण यंत्राच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. अशा जुन्या पीडीएफमध्ये 'नागपूर' शब्द शंभर वेळा छापलेला असला तरी शोधयंत्राला तो एकदाही दिसत नाही. जुनी पुस्तके स्कॅन करून ठेवतात, त्यांचेही तसेच. ते पानाचे छायाचित्र असते. त्यातील अक्षरे यंत्राने ओळखून ठेवली नसतील तर यंत्र आंधळे. अशा वेळी आतील शब्द शोधण्याचा हट्ट सोडून पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशनवर्ष यांवरून, आणि तेही इंग्रजी अक्षरांत, शोधावे.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. 'दीक्षाभूमी' हा आपल्या रोजच्या ओठांवरचा शब्द. तो लोक दिक्षाभूमी, दीक्षाभूमि, दिक्षाभुमी असा कसाही लिहितात, आणि इंग्रजी स्पेलिंगांची तर गणती नाही. शोधयंत्र आता पुष्कळदा या चुका सांभाळून घेते, पण नेहमी नाही. म्हणून शुद्ध रूपाने एकदा आणि प्रचलित अशुद्ध रूपाने एकदा, असा दोनदा शोध घ्यावा.

५. तारीख पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये

आमच्या वस्तीतील एका होतकरू मुलाची हकीकत सांगतो. त्याला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नव्हता. अशा मुलांसाठी २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना सुरू झाली तेव्हा नागपूरसारख्या शहरात राहणाऱ्याला भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. मुलाने 'स्वाधार अंतिम तारीख' असे शोधले. वरच आलेल्या पानावर जी तारीख होती ती उलटून गेलेली पाहून तो हिरमुसला आणि गप्प बसला. ती तारीख आदल्या वर्षीची होती. ही गोष्ट त्याच्या आईकडून मला कळेपर्यंत खरी मुदतही संपून गेली होती. मजुरी करणाऱ्या घरातील मुलाचे वर्षभराचे राहण्या-जेवण्याचे पैसे एका जुन्या पानापायी गेले.

म्हणून, पहिली गोष्ट, शोधताना चालू शैक्षणिक वर्षाचा आकडा शब्दांबरोबर लिहावा. दुसरी, यादीच्या वर किंवा बाजूला 'टूल्स' असते; तेथे 'मागील महिना', 'मागील वर्ष' असे बंधन घालता येते. तिसरी, पान उघडल्यावर त्याची तारीख शोधावी, आणि तारीखच नसेल तर ते पान कामाचे नाही असे समजावे. चौथी, शेवटचा शब्द शासनाच्या संकेतस्थळाचा मानावा, मधल्या कुणाचा नव्हे.

शासन निर्णयाच्या बाबतीत एक विशेष सोय आहे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयावर एक लांबलचक सांकेतांक असतो. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांतच वर्ष, महिना आणि दिवस येतो. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर हा सांकेतांक टाकला की मूळ निर्णय उघडतो. मोबाइलवर फिरत आलेला कागद खरा की खोटा, हे असे दोन मिनिटांत ठरते. उगीच दहा ठिकाणी पुढे पाठवण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम करावे.

एखादे जुने पान काढून टाकले असेल तर 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेचे 'वेबॅक मशीन' पाहावे. १९९६ पासूनची असंख्य पाने तेथे जपून ठेवली आहेत.

६. पत्ता उजवीकडून वाचावा

हा भाग मी बँकेतील अनुभवावरून लिहीत आहे. घरातील वडीलधाऱ्यांना तो अवश्य वाचून दाखवावा.

एके दिवशी एक निवृत्त गृहस्थ आमच्या काउंटरवर आले. हात थरथरत होते. त्यांचे एक पार्सल अडकले होते, म्हणून त्यांनी शोधयंत्रात त्या कंपनीचा 'कस्टमर केअर नंबर' शोधला. सर्वांत वर जो नंबर आला तो लावला. पलीकडच्याने गोड बोलून मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावले आणि पाच रुपये भरायला सांगितले. त्या ॲपमधून त्यांच्या मोबाइलचा सारा पडदा पलीकडच्याला दिसत होता. खात्यातील पेन्शनची रक्कम तीन वेळा करून निघून गेली. त्यांनी कुणावरही आंधळा विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी केवळ यादीतील पहिल्या ओळीवर विश्वास ठेवला होता. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तीत शोधयंत्रातील खोट्या नंबरांचा हा प्रकार स्पष्ट नोंदवलेला आहे.

येथे चार सूचना करतो. (१) यादीत वर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित' लिहिलेले असते ती जाहिरात होय. ती जागा पैसे देऊन घेतलेली असते. (२) बँकेचा नंबर शोधयंत्रात शोधूच नये. तो एटीएम कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो. (३) पत्ता वाचण्याची रीत शिकावी. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यापुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तेथून डावीकडे वाचत यावे. त्या रेघेच्या लगतचे शब्द हे खरे आडनाव. पत्त्याच्या आरंभी 'महाडीबीटी' असले आणि शेवट 'गव्ह डॉट इन' नसला, तर ते शासनाचे घर नव्हे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले, ते याच कारणासाठी. (४) फसवणूक झालीच तर लाज वाटून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. येथे एकेक मिनिट मोलाचे असते.

७. तयार उत्तराचा मोह

२०२४ पासून गूगलच्या यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले तयार उत्तर दिसू लागले आहे. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आले. ही साधने उपयोगी आहेत, याबाबत वाद नाही. कठीण इंग्रजी परिच्छेद सोपा करून घेणे, शोधासाठी कोणते शब्द वापरावेत ते विचारणे, यासाठी मी स्वतः ती वापरतो. परंतु त्यांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याच्या हिशेबाने ती वाक्य जुळवतात. त्यामुळे खरी माहिती आणि चुकीची माहिती दोन्ही सारख्याच ठामपणे आणि सारख्याच सुबक भाषेत येते. तारीख, पृष्ठक्रमांक आणि कुणाच्या तोंडचे वाक्य, या तीन बाबतींत तर विशेष सावध राहावे. उत्तरासोबत लिंक असेल तर ती उघडावी, मूळ पान वाचावे आणि मगच वहीत उतरवावे.

जयंतीच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी एका मुलाला विचारले, "हे वाक्य बाबासाहेबांनी कोठे म्हटले आहे?" मुलगा म्हणाला, "सर, गूगलवर आहे." सभागृहात हशा पिकला. मला मात्र त्या मुलाची कीव आली, कारण उत्तर कसे द्यायचे हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. ज्या महापुरुषाने आपला शब्द न् शब्द ग्रंथांच्या आधाराने मांडला, त्याच्या नावावर आधार नसलेले वाक्य खपवणे बरे नव्हे. खंड, पृष्ठ, तारीख यांपैकी काहीच मिळत नसेल तर ते वाक्य सोडून द्यावे. भाषण काही त्यावाचून अडत नाही.

८. नेट संपते तेथून पुढे

त्या रात्री पुतणीच्या वहीत जे पुस्तकाचे नाव उतरले ते म्हणजे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला'. हे पुस्तक १९८९ साली निघाले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ते लिहिलेले आहे. शोधयंत्राने आम्हाला पुस्तकाचे नाव दिले. पुस्तक मात्र ग्रंथालयात जाऊनच वाचावे लागले. चांगला शोध पुष्कळदा असाच संपतो, ग्रंथालयाच्या दारात. तो अपयशी झाला असे समजू नये.

पुस्तक वाचल्यावर ती शेजारच्या आजींकडे गेली. आजींनी सांगितले की त्यांची आई त्या परिषदेला भाकरी बांधून पायी गेली होती, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस तेच सांगत होती. पुतणीने ते लिहून घेतले, तारीख घातली, खाली आजींची सही घेतली. जगातील कोणत्याही शोधयंत्राच्या सूचीत ही नोंद नव्हती. असे किती तरी अजून नोंदायचे राहिले आहे, आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा शोधायला शिका, तपासायला शिका. आणि जे कोठेच सापडत नाही ते युनिकोड मराठीत, शुद्ध नावांनिशी व तारखेनिशी लिहून ठेवा. पुढच्या मुलीला ते सापडले पाहिजे.

स्वाध्याय

१. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्याविषयी एकच शोध मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत घ्या. प्रत्येक यादीतील पहिली पाच पाने वहीत लिहा आणि कोणते पान कोणी, केव्हा लिहिले आहे ते नोंदवा.

२. आपल्याला लागू असलेल्या एका शिष्यवृत्तीचा चालू वर्षाचा अर्जाचा कालावधी, केवळ 'गव्ह डॉट इन' या बंधनाने शोधा.

३. मोबाइलवर आलेला एखादा शासन निर्णय सांकेतांकावरून तपासा.

४. 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' हे शब्द अवतरणात आणि अवतरणाशिवाय, असे दोनदा शोधा. फरक काय पडला ते चार ओळींत लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्यांच्या बँकेचा खरा नंबर, पासबुक पाहून, जतन करून द्या. हा स्वाध्याय सर्वांत आधी करावा.